आपोआप लागणारा दिवा

प्रिय पापा,

दर रविवारी फोन केला की आई सांगते, तुम्ही आंघोळीला गेला आहात. नाताळाची सुट्टी संपल्यापासून तुमची एकच आंघोळ चालू आहे, आणि मागून खोकलाही तुमचाच ऐकू येतो. म्हणून हे पत्र.

मी मजेत आहे. आपली मेक्सिकन गाणी गाणारा-वाजवणारा आमचा मारियाचीचा ताफा चांगला जमला आहे. वसतिगृहाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या मधोमध उभं राहून तालीम करतो, कारण वर कोणी टिकू देत नाही. व्हायोलिनवाली सोकोरो आधी गाण्यांचे अर्थ सांगते, कारण निम्म्यांना स्पॅनिश येत नाही. आमचा ट्रम्पेटवाला रिगो आजीशी फोनवर ‘बरी आहेस ना’च्या पुढे कधी गेला नव्हता. आता आजी त्याच्याकडून कडवी म्हणून घेते आणि म्हणते, “गाढवा, प्रेमाचं गाणं आहे, भाजी विकतोयस का?” हे तो सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरतो.

गितारोन माझ्याकडे आहे. ते पोट सुटलेलं थोराड गिटार गळ्यात घातलं की मी मागे दिसेनाशीच होते. दोन-दोन तारा एकदम ओढून बोटांना घट्टे पडलेत. लहानपणी तुम्ही गालावरून हात फिरवलात की खरखरीत लागायचं, ते का, हे आता कळलं. मला माझी बोटं फार आवडायला लागली आहेत.

नाताळात तुम्ही म्हणालात, “लोकांच्या तोंडात घास असताना मी जन्मभर गायलो, ते तुला गावं लागू नये म्हणून. शिकायला पाठवलंय, टेबलांभोवती फिरायला नाही.” पापा, अभ्यास नीट चालू आहे. पण तुम्ही ती गाणी हॉटेलातच ठेवून घरी यायचात. इथे कोणी विचारलं, तुमच्याकडे काय गातात, तर मला एक ओळ धड येईना. त्या दिवशी मी रडले होते.

मध्यंतरी एक गंमत झाली. सोकोरोच्या मावशीच्या वाढदिवसाला पहाटे तिच्या खिडकीखाली गायला गेलो. आत दिवा लागला की समजायचं, गाणं स्वीकारलं, हे सोकोरोने पढवलं होतंच. आम्ही फाटकातून शिरतो तोच ओसरीवरचा दिवा भक्कन लागला. आम्ही खूश, जीव तोडून गायलो. शेवटी मागून मावशीच आली, रात्रपाळी करून. घरात कोणी नव्हतंच, आणि तो दिवा मांजर गेलं तरी लागतो. ती हसून हसून पायरीवर बसली. मग आत गेली, खिडकीतला दिवा लावला आणि आम्हाला सगळं पुन्हा गायला लावलं.

आता मुद्द्याचं. दहा मेला, आयांच्या दिवशी, पहाटे आम्ही सगळे आपल्या खिडकीखाली उभे असू. आईला सांगू नका. ती आमची चाहूल लागताच दिव्याकडे धावेल, तिला जरा थांबवा. आपल्याही ओसरीवर तसलाच दिवा आहे, तो मी धरणार नाही. मला तुमच्या हाताने लावलेला हवा आहे. खिडकी अंधारी राहिली तर रीतीप्रमाणे न गाता परत फिरू, आणि आईसाठी मी दुपारी एकटी केक घेऊन येईन. पण लावलात, तर लगेच झोपायला जाऊ नका. तिसऱ्या गाण्यात माझा ताल घसरतो, तेवढा खिडकीतून सांभाळून घ्या.

तुमचीच, तुमच्यासारख्या बोटांची,
सित्लाली