ग्राइंडर परत ठेवून या

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज भर दुपारी, पाच बायकांच्या देखत, मी तुझ्यासारखं खोटं बोलायला गेले. तुला ते सहज जमायचं. माझी मात्र पुरती फजिती झाली.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिघी मैत्रिणींनी आपापले थोडे पैसे घालून भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत बायकांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. तारण काही नाही. पाच जणींचा गट, पाचही जणी एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता थकला तर बाकी चौघींचं पुढचं कर्ज अडणार. हा नियम माझाच. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, जरा कडक वाटतो गं. मी म्हटलं, कडक असल्याशिवाय पैसे परत येत नाहीत, तीस वर्षं हेच बघत आलेय. दर शुक्रवारी दुपारी बालवाडीच्या खोलीत बसून मी हप्ते घेते.

गटातली एक इडल्या विकते. पहिल्या कर्जातून तिने ग्राइंडर घेतला. दोन शुक्रवार ती आली नाही, आणि आज तिच्याऐवजी तिचा ग्राइंडर आला. दोघींनी तो उचलून आणला होता, दोघी मागून चालत होत्या. धाडकन माझ्या टेबलासमोर ठेवला. आत दगडाला पीठ अजून ओलं होतं. "घ्या ताई. हिच्याकडून वसूल झालं समजा. आता आमचं मंजूर करा ना." मागोमाग ती स्वतः दारात आली, उजवा हात प्लास्टरमध्ये. ओल्या पायरीवरून घसरली होती. बहिणीला बोलावून आजच कुठे पुन्हा तांदूळ वाटायला घेतले होते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण या चौघींना सगळं ठाऊक होतं. मी आवाज चढवला. शेजारणी ना तुम्ही तिच्या, लाज नाही वाटली? तर त्यांच्यातली सगळ्यात मोठी माझ्यावरच उसळली, "आम्हाला काय हौस आलीय? नियम तुमचाच ना? माझ्या शिलाई मशीनवाल्याने उद्यापर्यंतच थांबतो म्हणून सांगितलंय. उद्या पैसे नाही दिले तर माझी वाट लागेल. मग माझं घर चालवायला येणार तुम्ही?"

आणि तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुझी भिशी आहे, पोह्यांच्या डब्यात चिठ्ठ्या आहेत, तू एक उचलतेस, उघडतेस आणि समोरच्या काकूंचं नाव सांगतेस. त्यांच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं. बायका गेल्यावर केर काढताना ती चिठ्ठी मला सापडते, आणि तिच्यावर तुझं नाव असतं. माझी शाळेची सहल त्याच पैशांवर ठरलेली होती. मी थयथयाट केला, तू खोटारडी आहेस म्हणाले. तू पोळी लाटता लाटता, मान वर न करता म्हणालीस, "वाचता येतं म्हणून सगळं मोठ्यानं वाचायचं नसतं." किती वर्षं तुझा राग होता मला त्या वाक्यासाठी.

तर आज मीही तेच करायला गेले. वही उघडली आणि म्हटलं, अगं, हिचे दोन्ही हप्ते बुधवारीच मिळालेत मला, लिहायचे राहिले. मनात म्हटलं, संध्याकाळी पर्समधून भरू. चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पेन टेकवणार, तेवढ्यात इडलीवाली म्हणाली, "नाही ताई. मी दिलेले नाहीत. हात बरा झाला की देईन. पण न दिलेले दिले म्हणून लिहू नका." मशीनवालीने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आमच्या पण नावावर असंच कायतरी लिहिता का?" ती विचारत होती. आई, बँकेतल्या तीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मी पेन खाली ठेवलं. चुकले म्हणाले. तिला दोन महिन्यांची सवलत दिली, चौघींची कर्जं मंजूर केली आणि सांगितलं, ग्राइंडर परत ठेवून या. त्यांनी तो मुकाट्याने उचलला. इडलीवाली डाव्या हाताने झाकण धरून त्यांच्यामागून चालत गेली.

हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. संध्याकाळी मैत्रिणींना फोन केला, आणि आम्ही तिघींनी तो नियम काढून टाकला. पण वस्तीत मी ते सांगितलेलं नाही. चौघींना म्हटलं, हे फक्त या वेळेपुरतं. तू तुझ्या भिशीतल्या बायकांना ओळखून होतीस. मला अजून माझ्या या बायकांची भीती वाटते. नियम गेला हे कळलं तर पुढच्या शुक्रवारी हप्ता द्यायला कोणी येईल, याची मला खात्री नाही.