मोर्नर मागच्या बाकावर बसतो

प्रिय बिनहॉर्न यास,

तुझ्या जुन्या जोडीदाराचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? सुनेशी पटतंय का? (पटत नसेल तर उत्तरात लिहू नकोस, पत्र टाकायला तिच्याच हाती देशील.) मुलाची स्कूटर तुला चालवायला मिळते असं कळलं. तीस वर्षं शववाहिनी चालवून एकदाही हॉर्न न वाजवलेला माणूस स्कूटरवर काय करत असेल, याची डेपोत रोज चर्चा होते. तुझ्या खुंटीवर अजून कुणी टोपी टांगत नाही. इकडचं म्हणशील, तर तुझी वहिनी अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, उशा बदलायला सांगतात. महिना, फार तर दीड, असं ते मला जिन्यात हळूच म्हणाले. वर आलो तर तिला आधीच माहीत होतं. पत्राला कारण आहे, पण ते मी शेवटी लिहीन. आधी परीक्षेचं सांगतो.

हसलास ना? हस. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी इंग्रजी शिकतोय. नव्या मॅनेजरसाहेबांचं म्हणणं असं की मयताची मुलं-नातवंडं हल्ली विमानातून उतरतात, त्यांना आपली भाषा येत नाही, आणि ड्रायव्हरला काही विचारलं की तो खांबासारखा उभा. म्हणून वीस शब्दांची यादी, कॅन्टीनमध्ये रोज तासभर वर्ग आणि शेवटी लेखी परीक्षा. नापास होईल त्याची गाडी काढून घेऊन त्याला गाड्या धुवायला लावणार. शिकवायला ज्या बाई आल्या त्या याआधी हॉटेलच्या वेटरांना शिकवायच्या. त्यामुळे पहिल्या आठवड्यात आम्ही हसत दार उघडायला आणि ‘हॅव अ नाइस डे’ म्हणायला शिकलो. आपल्या चष्मेवाल्याने ते एका विधवा बाईंना म्हणूनही दाखवलं. त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या म्हणे. त्यांच्या भावाने मात्र लेखी तक्रार केली.

यादी ऐक. आपण जिला जन्मभर नुसती गाडी म्हणत आलो ती हर्स. पेटी ती कॉफिन, फुलांचं गोल चक्र ते रीथ, पेटीला खांदा देणारे ते पॉलबेअरर. गेलेल्याबद्दल उभं राहून चांगलं बोलायचं ती युलॉजी (जिवंतपणी बोलायला काय हरकत होती, हे बाईंना विचारलं, त्यांनी पान उलटलं). मागून संथ येणारी गाड्यांची रांग ती कोर्टेज, आणि पेटीशेजारच्या बाकावर बसून रडतो तो मोर्नर. इंग्रजांनी एवढी सोय करून ठेवली, पण ड्रायव्हरला वेगळा शब्द केला नाही. अख्ख्या यादीत आपण कुठेच नाही रे.

घरी माझा अभ्यास तुझी वहिनी घेते. तिने वीस वर्षं ऑफिसात टायपिंग केलंय, तिचं इंग्रजी पक्कं. वही उशीला टेकवून ती एकेक शब्द विचारते, आणि मी उत्तर दिलं की लगेच त्या शब्दाची व्यवस्थाही लावून टाकते. पॉलबेअरर म्हटलं की बोटांवर सहा माणसं मोजते. तिच्या थोरल्या भावाची कंबर धरते, म्हणून त्याला मागच्या बाजूला ठेवायचं. रीथ नको, तिला फुलांनी शिंका येतात. युलॉजी धाकट्या भावाला द्यायची नाही, तो तिच्याऐवजी स्वतःच्या बढतीबद्दल बोलेल. मी रागावलो की म्हणते, अभ्यास चाललाय, मध्ये बोलू नका. मग मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जातो, नळ सोडतो आणि रडतो. तुला सांगायला कसली लाज? पाण्याचा पेला घेऊन परत आलो की ती म्हणते, केवढं पाणी वाया घालवता.

मागच्या मंगळवारी तिला तपासणीला न्यायचं होतं. थोरल्या मेव्हण्याची काळी गाडी मागून आणली, तिला मागे उशांवर नीट टेकवलं आणि निघालो. आता सवयीचा गुलाम मी. मागच्या सीटवर आडवं माणूस दिसल्याबरोबर माझा पाय आपोआप हलका झाला, दिवे लागले, गाडी दुसऱ्या गिअरवर. चौकातल्या पोलिसाने आम्हाला पाहून चारी बाजू थांबवल्या आणि ताठ उभा राहिला. फुटपाथवरच्या दोघांनी टोप्या काढल्या. आरशात बघतो तो मागे सहा गाड्यांची रांग, कुणी ओव्हरटेक करेल तर शपथ. कोर्टेज तयार! तेवढ्यात मागून आवाज आला, “अहो, मी अजून आहे!” दचकून मी जो ॲक्सिलरेटर दाबला, तो हॉस्पिटलच्या दारातच थांबलो. रांगेतल्या एका गाडीतली म्हातारी तिथवर मागोमाग आली होती. तिने काचेतून वाकून तुझ्या वहिनीलाच विचारलं, कोण गेलं हो? वहिनी म्हणाली, अजून ठरतंय. मग ती इतकी हसली की नर्सने तिचा रक्तदाब दोनदा मोजला.

परीक्षा शुक्रवारी झाली. वीसपैकी एकोणीस गुण. मॅनेजरसाहेबांनी हात मिळवला, गाडी माझ्याकडेच राहिली. एक कुठला तरी किरकोळ शब्द चुकला. बाकी सर्व ठीक. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा.

तुझा,
जोडीदार

ता. क. कारण राहिलंच. आपल्या डेपोची रीत तुला ठाऊक आहे, घरचं माणूस असेल तर गाडी आपणच चालवायची. तू तुझ्या आईला नेलंस. नंतर चहा पिताना म्हणालास, आई गेली ते कळलंच नाही, मला फक्त वळणं आठवतात. ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मला वळणं नकोत रे. मला मागच्या बाकावर तिच्याशेजारी बसायचंय. त्या दिवशी माझी गाडी तू चालवशील का? तिला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

ता. क. दुसरा. दुसरा गिअर अडकतो. येताना टोपी आण.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. भाऊजी, पाकिटावर पत्ता लिहायला यांनी पत्र माझ्याकडे दिलं, घडी उघडीच होती. गुण एकोणीसच पडले, खोटं नाही. पण तपासलेला पेपर वहीतच होता, त्यात शब्द चुकला नव्हता, कोरा सोडला होता. मोर्नर. माझ्यासमोर दहा वेळा बरोबर सांगितलेला. विचारलं तर म्हणाले, वेळ पुरला नाही. तेव्हा गाडी तुम्हीच चालवा, माझी हरकत नाही. हे मागून वळणं सांगत बसतील, ऐकू नका. पण त्या दिवसाची वाट बघू नका, या रविवारीच या. तुम्ही आलात की हे हसतात, ते मला एकदा ऐकायचंय. आणि मला खिडकीपर्यंत उठवत नाही, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून स्कूटरचा हॉर्न वाजवत या.