टँकरचा परिच्छेद

दादा, तुम्ही असता तर म्हणाला असता, "काढून टाक की. चार ओळींनं काय अडतंय?" मी काढल्या नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला उगीच आशा नको. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः तुमच्या त्या वेळच्या वयाजवळ येऊन टेकलो, तरी तुमच्याशी वाद घालायचा म्हटला की माझा आवाज अजून चढतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कोणाशी बोलून राहिलात?" मी म्हणतो, "कोणाशी न्हाई." ती पुढं विचारत नाही. वडिलांना दादा म्हणणाऱ्या घरात ती आली तेव्हाच तिला कळलं होतं, की ह्या घरात अर्धी भांडणं मनातल्या मनात होतात.

गोष्ट संगणकावरच्या एका खेळाची आहे. हसू नका. माझा पहिला संगणक तुम्ही पाहिला होता. लोकांच्या बिघडलेल्या संगणकांचे डबे उघडून उघडून, पुस्तक नाही, गुरू नाही, असा मी तो जोडला होता, आणि तुम्ही माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढून, विहारात बसावं तसे त्याच्यासमोर बसला होतात. "ह्याच्यात काय दिसतंय रे?" "सांगाल ते दिसतंय दादा." "मग तुझी नोकरी दाखव." त्या दिवशी मी चिडलो होतो. आता मीच ते गिऱ्हाइकांना हसून सांगतो.

तर हा खेळ असा. अंधारं आकाश, त्यात विखुरलेले ग्रह. एका ग्रहावरून सुरुवात करायची, जहाजं पाठवून बाकीच्या ग्रहांवर वस्ती करायची, त्यांना पाणी, धान्य, कारभार पुरवायचा, आणि शेजारच्या राज्याशी जमवून घ्यायचं नाही तर लढायचं. पण घाई कशाची नाही. बुद्धिबळासारखी एकाची चाल पुरी झाली की दुसऱ्याची. तुम्ही "झालं" म्हणेपर्यंत सगळं आकाश थांबून राहतं. दहावीनंतर शाळा माझ्यासाठी थांबली नव्हती, हे आकाश थांबतं, म्हणून मी त्यात रमलो असेन. खेळणारे जगभर आहेत आणि त्यांचं एक पान आहे, तिथं जो तो आपलं मत लिहितो. एक म्हणतो, शेवट रटाळ आहे, आपण जिंकलोय हे कळल्यावरही चाली संपवत बसावं लागतं. दुसरा म्हणतो, संगणक लबाडी करतो, त्याला न पाहिलेले ग्रहसुद्धा दिसतात. (हे खोटं आहे, मी तपासलंय. त्याला दिसत नाहीत, तो अंदाज बांधतो आणि आपल्यापेक्षा बरा बांधतो. आपण हरलो की समोरचा लबाड, हे सगळ्या मुलखात सारखंच.) तिसऱ्याला जहाजं सगळी एकाच तोंडवळ्याची वाटतात, चौथा नुसत्या संगीतावर खूश. बहुतेकांनी दोन ओळींत निकाल लावलेला असतो. मी तसं लिहीत नाही. एखाद्या बदलाबद्दल बोलायच्या आधी मी जुन्या आवृत्तीत खेळतो, नव्या आवृत्तीत खेळतो, मगच लिहितो. इंग्रजीही मला कोणी शिकवलं नाही. तुम्ही कचेरीच्या लिलावातून आणून दिलेला शब्दकोश होता, त्याची सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे पहिल्या अक्षराचे शब्द मला फार उशिरा भेटले. तरी त्या पानावर सगळ्यात वर टाचलेला लेख माझा असायचा. नवा माणूस आला की जुने त्याला सांगायचे, आधी हा वाच, मग प्रश्न विचार.

आणि त्या लेखातला लोकांना सगळ्यात पटलेला सल्ला तुमचा आहे. वस्ती वाढली की खेळात आकाशाचे भाग पाडावे लागतात आणि प्रत्येक भागाला एक मुख्य ठाणं द्यावं लागतं. नवशिके ते ठाणं सगळ्यात श्रीमंत ग्रहावर करतात आणि मग लांबचे ग्रह का बिथरले म्हणून डोकं धरून बसतात. मी लिहिलं, ठाणं अशा ठिकाणी करा, की सगळ्यात लांबच्या ग्रहाचं जहाज तिथं जाऊन त्याच चालीत परत येईल. एकानं विचारलं, हे गणित कुठल्या पुस्तकातलं? काय सांगणार. आपण जुन्या जिल्ह्यात होतो तेव्हा एका दाखल्यासाठी तुम्ही मला रेणापूरकडच्या आपल्या गावातून घेऊन निघालात, दोन एसट्या बदलल्या, पोचेपर्यंत कचेरीची वेळ संपली, आणि आपण स्टँडवर गोणपाट अंथरलं. आईनं भाकरी एकाच दिवसाच्या बांधल्या होत्या. शेवटची माझ्यापुढं सरकवत तुम्ही म्हणालात, "जिल्हा कसा पाहिजे? सकाळी भाकर बांधून निघालं की दिवेलागणीला माणूस घरी पाहिजे." मग लातूर जिल्हा झाला. एका नव्या कचेरीत तुम्हाला शिपायाची जागा मिळाली, आपल्या घरातली पहिली सरकारी नोकरी. पहिल्या दिवशी तुम्ही ट्रकमधून खुर्च्या उतरवून घेतल्या आणि घरी येऊन आईला म्हणालात, "वार्निशचा वास जाईना हाताचा." आणि हात न धुताच पाटावर बसलात. आई ओरडली तरी हसत होतात. आता उदगीरवालेही जिल्हा मागताहेत. त्यांच्यातही कोणी असेल, ज्याला असा वास पाहिजे.

त्याच कचेरीत तुम्ही मला रागावलात, ते मी विसरलो असेन असं समजू नका. उन्हाळ्याची सुट्टी होती, आदल्या साली पाऊस धड झाला नव्हता, मी तुमचा डबा घेऊन आलो होतो. साहेब बाहेर आले. भला माणूस होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय रे, आवडला का आपला नवा जिल्हा?" मी म्हणालो, "लई चांगला हाय साहेब. पण भाईर बसलेल्या माणसाला प्यायला पाणी न्हाई." साहेब हसले आणि आत गेले. तुम्ही माझा दंड धरून मला जिन्याखाली नेलंत. मारलं नाहीत, मारलं असतं तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणालात, "आपलं मत आपल्या खिशात ठिवायचं असतंय. दुसऱ्याचं ऐकायचा पगार मिळतो मला." त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही बदलीच्या हुकमाची वाट पाहिलीत. टपाल आलं की तुमचा चेहरा उतरायचा. हुकूम आला नाही. काहीच झालं नाही, दादा. बाहेर माठही आला नाही आणि तुमची बदलीही झाली नाही. त्यातून तुम्ही शिकलात, की ह्या खेपेला वाचलो. मी शिकलो, की बोललं तरी माणूस मरत नाही. तुमची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. ज्यानं लहानपणी दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्यायलंय, त्याला पगाराची नोकरी म्हणजे काय, हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. मी मानलं नाही, आजही मानत नाही.

नायगावला माझा एक जोडीदार आहे, शाळेत शिक्षक. मी त्यांना सर म्हणतो, ते मला इंजिनियर म्हणतात. मी इंजिनियर नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ते आपली चाल खेळून मला पाठवतात, मी माझी खेळून त्यांना. यंदा आमच्यात एक नियम झाला. लातूरला ह्या वर्षी रेल्वेनं पाणी येतंय, दादा, खरंच सांगतो, रेल्वेनं. आणि गल्लीत टँकर कधी शिरेल ते कोणीच सांगू शकत नाही. हॉर्न वाजला की हातातलं टाकून पाइप घेऊन पळायचं. टाक्यांजवळ घोळका करायलाही बंदी आहे. नायगावलाही सुख नाही. म्हणून ठरलं, ज्याच्या दारात टँकर, त्याची चाल थांबली. "टँकर" एवढा एकच शब्द पाठवायचा. समोरच्यानं तगादा लावायचा नाही आणि तो हरला असंही धरायचं नाही. एकदा सरांचा "टँकर" काही संपेचना. मी फोन केला, "सर, तळं भरून राहिलात का?" म्हणाले, "न्हाई हो इंजिनियर, तुमचं आरमार दारात आलंय, म्हणून विचार करून राहिलो." एवढी लबाडी नियमात बसते.

मग खेळाची नवी आवृत्ती आली. पुष्कळांनी मत दिलं होतं की खेळ रेंगाळतो, लोक चाल अडवून बसतात. बनवणाऱ्यांनी घड्याळ बसवलं. ठरल्या वेळात तुम्ही खेळला नाहीत, की तुमच्या वतीनं संगणक खेळणार. ते बंद करायची सोय नाही. एका दुपारी मी रांगेत होतो, ड्रम भरून, पाइप गुंडाळून वर येतो तर माझी चाल होऊन गेलेली. संगणकानं माझ्या कोरड्या ग्रहावरचा सगळा पाणीसाठा उपसून जहाजांचं इंधन करून टाकलं होतं. साठा पडून आहे म्हणजे वाया चाललाय, हा त्याचा हिशेब. तो साठा मी सुरुवातीपासून हात न लावता राखला होता. तसं राखायची गरज नसते म्हणे. दुसऱ्या मुलखातले खेळाडू मला हसतात, की हा माणूस लढायच्या आधी हौद बांधतो आणि म्हणून हरतो. हरतो खरा. पण पाणी दिसलं की आधी भरून ठेवायचं, हे माझ्या हाताला कोणी शिकवावं लागत नाही.

मी लेखात एक परिच्छेद वाढवला. शिफारस मागं घेतली नाही. खेळ उत्तम आहे, खोटं कशाला बोलू? एवढंच लिहिलं, की आमच्या भागात यंदा पिण्याचं पाणी टँकरनं येतं, त्याला वेळ नाही. थांबणाऱ्या खेळाला घड्याळ लावलं की जो पाण्याला गेला तो हरतो. ज्याला घड्याळ नको त्याला ते बंद करता यावं. बस्स. त्यावर पानभर गदारोळ झाला. एक म्हणाला, खेळाबद्दल लिहा, तुमच्या गावाबद्दल नको. दुसरा म्हणाला, प्यायला पाणी नाही तर खेळता कशाला? एकानं तर चक्क मराठीत लिहिलं, "काका, आधी नळ दुरुस्त करा." दूरदेशीच्या एका बाईनं मात्र लिहिलं, की ती दवाखान्यात रात्रपाळीवर असते आणि तिचीही चाल आता संगणकच खेळतो. मग ते पान सांभाळणाऱ्याचा निरोप आला. फार सभ्य भाषेत. लेख मोलाचा आहे, वर टाचलेला ठेवायची इच्छा आहे, पण पाण्याचा परिच्छेद विषयाला सोडून आहे. तेवढा काढावा, नाही तर नियमाप्रमाणे अख्खा लेख काढावा लागेल.

सरांचा फोन आला. "इंजिनियर, काढून टाका. लेख राहील, पोरं वाचतील. टँकरचं काय, आज हाय, उद्या न्हाई."

"उद्या बी हाय, सर."

"अहो, इतक्या वर्षांचं लिखाण जाईल तुमचं! तिथं इज्जत हाय तुमची."

"जाऊ द्या मग."

बोललो खरा. पण दादा, ती इज्जत मोठी होती. दुकानात मी गिऱ्हाइकासाठी "ओ भाऊ" असतो. तिथं लोक माझं वाचून आपली चाल बदलायचे. ते जाणार होतं. आणि काढून टाक म्हणायला तुम्ही होतातच, जिन्याखाली, माझा दंड धरून.

पण मला एक सांगा. ठाण्याचा सल्ला त्यांना चालला. तो तुमच्या भाकरीतून आलेला, ह्याच मुलखातला, आणि तो विषयाला धरून होता, कारण तो कुठून आला हे मी लिहिलं नव्हतं. टँकर कुठून आला ते लिहिलं, म्हणून तो विषय सोडून झाला. म्हणजे आमचं डोकं चालतं, फक्त आमचं गाव चालत नाही. हे मी मान्य करणार नाही. चाल हुकली तर काय होतं, ह्यावर ज्या माणसाचा अधिकार आहे तो मी आहे, घड्याळ बसवणारा नाही. मी उत्तर लिहिलं: परिच्छेद खेळाबद्दलच आहे. लेख पुरा राहील किंवा पुरा जाईल, कापून राहणार नाही. व्याकरण नीट तपासलं, एक शब्द कठोर वाटला तो तसाच ठेवला.

लेख गेला. आता तिथं दुसऱ्या कोणाचा लेख टाचलाय आणि त्यात ठाणं श्रीमंत ग्रहावर करा असं लिहिलंय. चूक आहे. नवी पोरं ते वाचून हरून राहिलीत. घड्याळही चालूच आहे. सर आणि मी जुनी आवृत्ती राखून ठेवली आहे, तिच्यावर खेळतो. परवा सर म्हणाले, "बरं केलंत," आणि लगेच माझा एक ग्रह घेतला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी तुम्ही आधी दार लावून घेतलं असतं, आणि मग वाचलं असतं. म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. ते उत्तर लिहून झाल्यावर मी कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो. बोट पुढं जाईना. बायको कणीक मळता मळता उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली. "पाठवायचं हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाव." "मग?" तिनं पदराला हात पुसले, वाकली, आणि ते बटण तिनंच दाबलं.