पाणी वापर संस्थेपुढे कृष्णविवर

सौंदड, ११ सप्टेंबर २०१३

चि. अश्विन यास मामाचा आशीर्वाद. (पीएच.डी. करून डॉक्टर होऊ घातलेल्या भाच्याला 'चि.' चालतं की नाही ते कळव, पुढच्या वेळी दुरुस्त करू.) तुझा घसा कसा आहे? इकडे धुरपतामामी गुडघे वगळून बरी. धान पोटरीवर आलं. मी होतो तसाच, म्हणजे तुझ्या सरांच्या हिशेबी कुणीच नाही.

तू फोनवर म्हणालास, शोधनिबंधात मामाचं नाव घालायला सरांची हरकत नाही, पण नावापुढे संस्था लागते. बरं. शेजारच्या दीर्घिकेतली ती जोडी, एक तारा आणि त्याचा वायू ओढून घेणारं कृष्णविवर, तिचे क्ष-किरण दर तेवीस तास सतरा मिनिटांनी मंदावतात, कारण तारा आडवा येतो. हे दुर्बिणीच्या इंटरनेटवरच्या खुल्या नोंदींतून मी काढलं. मोटारपंपांचं वाइंडिंग करता करता दोन वर्षं, एक हजार चारशे बारा क्ष-किरणकण एकेक तपासून. (सरांनी 'सुमारे चौदाशे' लिहिलं. बारा कण काय वाऱ्यानं उडाले?) तेव्हा मला कुणी संस्था विचारली नव्हती.

तरी शोधली. मी सभासद असलेली एकच संस्था, आपल्या तलावाची पाणी वापर संस्था. मी संस्थेचा असल्याचं पत्र मागायला सभेत गेलो. अध्यक्ष सेवकराम म्हणाले, आधी विषय समजावा. इथं माझी चूक झाली. समजेल असं सांगावं म्हणून मी म्हटलं, तारा म्हणजे भरलेला तलाव, कृष्णविवर म्हणजे खालची धानाची बांधी. पाणी तिकडे ओढलं जातं, आणि जाता जाता घासून इतकं तापतं की क्ष-किरण निघतात. पण क्ष-किरणांपर्यंत कुणी आलंच नाही. पूर्वजांनी तलाव बांधले तेव्हापासून आपल्या कोहळी समाजाला पाणी दिसलं की आधी न्याय करायचा असतो. वरच्या बांध्यांवाले म्हणाले, न विचारता पाणी नेणाऱ्याचा पाट बंद करा. पाटाच्या टोकावरच्यांनी कृष्णविवराची बाजू घेतली. शालीकराम उठला. "परसरामभाऊ, चाळीस वर्सं झाले, आमच्या बांधीले पाणी येऊन नाही राहिलं. एका टोकवाल्याले भेटून राहिलं, त तुमच्या पोटात काऊन दुखते?"

मी सांगितलं, ते एक कोटी प्रकाशवर्षं दूर आहे.

"मंग त टोकच झालं ना."

एकवीस विरुद्ध एकोणीस मतांनी ठराव झाला, की कृष्णविवराचं पाणी तोडू नये. शिवाय परसराम कापगते यांनी दोन वर्षं दुसऱ्याच्या पाण्यावर गुपचूप पाळत ठेवल्याचा खुलासा करावा, तोवर पत्र नाही. मी तटस्थ राहिलो, म्हणून आता दोन्हीकडचे पंप दुसऱ्या दुकानात जाऊन राहिले.

ठरावाची नक्कल जोडली आहे, सरांना दाखव. त्यांच्यात आणि शालीकरामात फरक एवढाच, की शालीकरामानं निदान प्रश्न विचारला. नाव घालू नको. माझ्या नावावाचून ते ग्रहण काही चुकणार नाही.

तुझा मामा,
परसराम सुकराम कापगते

ता.क. 'सुमारे तेवीस तास' लिहाल तर याद राखा. सतरा मिनिटं माझी आहेत.

आणखी ता.क. नाव छापून आलं असं मी मामीला मागच्या महिन्यातच सांगून बसलो. रोज विचारते, दाखवा. तेव्हा माझ्या नावाची एकच प्रत वेगळी काढून पाठव. बाकी लेख इंग्रजीत राहू दे, नाव तेवढं मराठीत टाक, तिला इंग्रजी वाचता येत नाही. सरांच्या खाली असलं तरी चालेल.