खोक्यावरचा आवाज

प्रिय दीपा,

सतीशराव आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघणार आहेत. सध्या जावईबापू पुढच्या खोलीत आडवे झालेत. झोप लागली नसावी, पण डोळे मिटून आहेत. तेवढ्या वेळात हे लिहून त्यांच्या हाती द्यायचं आहे. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू नेहमीसारखं 'कामात आहे, नंतर बोलते' एवढंच टाकलं असतंस. वैशाखापासून तुझं ते एकच उत्तर येतंय. कागद हातात आला की माणूस निदान उघडून तरी पाहतो, या भरवशावर लिहायला बसले.

इकडे पाऊस बरा आहे. सोयाबीन गुडघ्याला लागलंय. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालंय आणि शाळेतून निवृत्त झाले तरी वाचायला मलाच बसवतात. सवयीनं मोठ्यानं वाचते. तसं आता घरातही मी फार मोठ्यानं बोलते. शेजारची रुख्मिणी परवा म्हणाली, "बाई, तुमचं भांडण चाललं होतं का?" भांडण नव्हतं गं. मी तुझ्या बाबांना भाजी कोणती करू एवढंच विचारत होते.

हे नीट कळायचं तर दुकानाचं सांगायला हवं. मालेगावच्या स्टँडजवळचं दुकान तू पाहिलंस तसंच आहे. भिंतीवर बाबांनी रंगवलेली पाटी अजून आहे, 'आवाज खोक्यावर वाचू नका, इथं बसून ऐका.' आपल्याकडे कूलर म्हटलं की लोकांना खसाच्या ताट्या आणि पाण्याची बादली आठवते. कॉम्प्युटरच्या आतही प्रोसेसर थंड ठेवायला एक पंखा असतो आणि त्यालाही कूलरच म्हणतात, हे नव्या गिऱ्हाइकाला समजावताना बाबांना कोण आनंद व्हायचा. आणि त्या कूलरच्या खोक्यावर कंपनीनं छापलेला आवाजाचा आकडा तर त्यांचा जन्माचा वैरी. ते म्हणायचे, "हा आकडा यायनं कुठं मोजला? बंद खोलीत, पंखा हळू फिरवून, चार हात दूर बसून. आपल्या इथं मे महिन्यात हा पंखा हळू फिरला तर मशीन जळून जाईन." एका कंपनीला त्यांनी तसं कळवलंही होतं. उत्तर आलं की चाचणीच्या परिस्थितीनुसार आवाज बदलू शकतो. ते त्यांनी मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "म्हणजे खोटं हाय, पण सभ्यपणानं."

दुकानात कुणी आलं की छताचा पंखा बंद, शटर अर्धं खाली, आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवून मशीन चालू. आकडा कमी असला म्हणून काय झालं, एखादा पंखा बारीक चिरकतो आणि तोच डोक्यात जातो, हे ते प्रत्येकाला ऐकवून पटवायचे. तू लहान असताना तुझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून दोन पंखे लावायचे आणि विचारायचे, यातला चिरकणारा कोणता? तू बरोबर सांगितलंस की साऱ्या गल्लीला सांगत फिरायचे, माझा कान पोरीत उतरला.

मागच्या हिवाळ्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून हेमसिंग नावाचा एक माणूस आला. तो घरच्याच खोलीत, भिंतींना गाद्या बांधून, बंजारा गाणी रेकॉर्ड करतो. त्याला अजिबात आवाज न करणारं मशीन हवं होतं. बाबांनी मोठ्या हौसेनं चांगला कूलर मागवला आणि मशीन बांधलं. मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते. शटर अर्धं खाली. मी वाकून आत शिरले तर लांबून शिट्टी यावी तसा एक बारीक चिरका आवाज कानावर आला. बाबा मात्र मशीनपाशी कान नेऊन बसलेले, चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, "अवं, इकडं ये. आयुष्यात पह्यल्यांदा एक कंपनी खरं बोलली. बिलकुल आवाज नाही!" मला वाटलं, गंमत करताहेत. मी म्हटलं, "काहीतरी वाजून राह्यलं ना." ते म्हणाले, "कायचं?" तेव्हाही मी हसलेच.

हेमसिंग मशीन घेऊन गेला आणि आठवड्याच्या आत परत आला. "काका, माईकमध्ये शिट्टी येऊन राह्यली." बाबा भडकले. "तुह्या माईकमध्ये फॉल्ट असन. मी सवता ऐकून देलं हाय." तो बिचारा वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्यानं पेनड्राइव्हवरचं गाणं दुकानातच लावलं. गाणारी बाई थांबली की मधल्या जागेत तोच चिरका आवाज. मी ऐकला, हेमसिंगनं ऐकला, की-बोर्ड घ्यायला आलेल्या एका मास्तरांनीही ऐकला. आणि बाबा आमची तोंडं पाहत होते, एकेकाचं. मग अगदी हळू म्हणाले, "मले नाही येऊन राह्यलं."

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कानांच्या नसा कमजोर झाल्यात आणि त्या परत बऱ्या होत नाहीत. आधी बारीक आवाज जातात, मग शब्द. डॉक्टर म्हणाले, "यांना आवाज आला हे कळेल, पण काय बोललं ते कळणार नाही. फोनवर तर नाहीच." कानातलं यंत्र घेतलं. ते लावलं की सगळं जग भांड्यांची मांडणी पडावी तसं आदळतं म्हणतात, म्हणून ते कपाटात पडून आहे. परतताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "दीपाले सांगू नको. तिच्यापुरता तरी माहा कान राहू दे." मी हो म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बसमध्ये माझा हात त्यांनी कधी धरला नव्हता.

मग ते त्यांच्या पद्धतीनं निभवायला लागले. दुकानात गिऱ्हाइकाला मशीनजवळ बसवायचं आणि त्याच्या कपाळाकडे पाहायचं. आठी पडली की कूलर बदलायचा. कुणाला कळलं नाही. फोनवरही तसंच. लोक काय विचारणार, जेवलात का, पाऊस आला का. सूर वर गेला की हसायचं, खाली आला की 'हूं' म्हणायचं. तुझ्याशी बोलताना असंच चालायचं आणि तुला कधी शंका आली नाही. मला वाटायचं, चाललंय तर चालू दे.

बुद्धपौर्णिमेला मी विहारात खिरीच्या कामाला गेले होते. माझा मोबाईल घरीच राहिला होता. दुपारी परत आले तर बाबा ओट्यावर बसलेले, मोठे खुशीत. म्हणाले, "दीपाचा फोन होता. लई खुश होती. हसून राह्यली होती सारखी." मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाले, "मजेत हाय." दिवसभर मला बरं वाटत राहिलं. संध्याकाळी मी तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मग तुझं 'कामात आहे' सुरू झालं. मी पण काही कमी नाही. तुझा मूड ठीक व्हावा म्हणून आपल्या गल्लीतल्या रंजीताच्या बाळाच्या नामकरणाचे फोटो पाठवले. पाळणा, टोपरं, सगळं. त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस तेव्हा मी बाबांजवळ कुरकुरले, की पोरगी पुण्याला जाऊन शिष्ट झाली.

काल सतीशराव शेताच्या मोजणीसाठी वाशीमला आले होते, तिथून इकडे आले. मी आत चहा टाकत होते. ते आले ते उभ्यानंच बाबांना म्हणाले, "मामा, मी बसायले नाही आलो. एकच विचारतो. ती दवाखान्यातून बोलत होती, बाळ गेलं म्हणून रडून राह्यली होती. आईले तुमीच सांगा म्हणत होती. अन् तुमी हसले? छान छान, अशीच राह्य, असं म्हटलं तुमी तिले. काहून?"

बाबा त्यांच्याकडे पाहून हसले. म्हणाले, "बसा ना सतीशराव. चहा होऊन राह्यला."

सतीशराव माझ्याकडे वळले. राग चेहऱ्यावर तसाच होता आणि त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. मी गॅस बंद केला. दीपा, तुला दिवस गेले होते हेही मला माहीत नव्हतं गं. तू इतकी वर्षं वाट पाहिलीस ते मला माहीत होतं. दिवस गेल्याचं आणि बाळ गेल्याचं, दोन्ही मला एकाच वाक्यात कळलं, तेही स्वयंपाकघराच्या दारात.

सतीशरावांना मी कानांचं सांगितलं. तेव्हा ते बसले. बाबा आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होते. "काय झालं? कोनाचं काय झालं?" काय सांगू? मोठ्यानं बोललं की त्यांना थोडं कळतं, पण असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? सगळ्या गल्लीला ऐकू गेली असती. मी त्यांच्या शेजारी बसूनच माझ्या मोबाईलवरून त्यांना लिहून पाठवलं. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग सतीशरावांना विचारलं, "रडत होती?" त्यांनी मान हलवली. "अन् मी हसलो," बाबा म्हणाले. एवढंच बोलून मागच्या अंगणात गेले आणि हौदापाशी बसून राहिले. सतीशराव त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या मुलाचे उपकार आहेत बाई. 

आज सकाळी बाबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तिले लिही. माह्या वतीनं माफी मागू नको, ते मी तोंडानं मागीन. फक्त विचार, ती मले ते पुन्हा सांगीन का? समोर बसून. तिच्या ओठाकडं पाहून मी समजून घेईन. पोरीनं बापाले सांगितलं, अन् ते बापापर्यंत पोचलंच नाही." यासाठी हे पत्र, दीपा. जे एकदा बोलताना तुझा जीव गेला असेल ते पुन्हा बोल, असं कोणती आई सांगेल? मला वाटतं तू नाही म्हणावंस, आणि लगेच वाटतं हो म्हणावंस. हो म्हणालीस तर आम्ही दोघं पुण्याला येऊ. माझ्या वाट्याचं रडणं मी अजून रडले नाही, ते तुझ्या कुशीत रडायचं म्हणून ठेवलंय. पण नाही म्हणायचं असेल तर ते मला लिहून कळव, बाबांना फोन करू नकोस. तू रडत 'येऊ नका' म्हणालीस तरी त्यांना काय ऐकू येईल सांगता येत नाही. ते हसतील, आणि बॅग भरायला घेतील.

तुझीच,
आई