नोंदणीतले सात दात

सूनबाई,

छकुलीला डबा देऊन शाळेत सोडलं. दूध झाकलंय. मी सरकारी दवाखान्यात चाललोय. का, ते बसून वाच.

लेकराबद्दल एक अक्षरही बालआरोग्याच्या सरकारी नोंदणीत जाता कामा नये, अशी तुम्हा दोघांची सक्त ताकीद होती. परवा नोंदणीवाल्या बाई तीन जिने चढून आल्या. धापा टाकणाऱ्या बाईंना दारातून परत पाठवणं मला जमेना, आणि तुमचा शब्दही मोडवेना. म्हणून नाव ‘छकुली’ एवढंच सांगितलं आणि बाकी माहिती माझी दिली. खोटं काही बोललो नाही. दात सात. जिना कठडा धरल्याशिवाय उतरता येत नाही. गोळी दिली की उशीखाली लपवते. दिवसभर घरात सोबत कोण? कुणी नाही. तेव्हा बाईंनी लिहिता लिहिता चष्मा पुसला.

आज तू भाजीला गेलीस आणि दवाखान्यातून फोन आला. बालकाची प्रकृती काळजीची आहे, अकरा वाजता आणा, नाहीतर आम्ही घरी येऊ. घरी आले तर खरी छकुली त्यांच्या हाती लागेल. त्यापेक्षा मीच हजर होतो. त्याच दवाखान्यात माझ्या गुडघ्याचं सहा महिने ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ चाललंय. छकुलीला दोन दिवसांत नंबर लागला.

एकच अडचण आहे. बालकासोबत घरचं मोठं माणूस हवंच, असं त्यांनी दोनदा बजावलंय. तू येईपर्यंत मी तिथल्या दाराशेजारच्या बाकावर बसतो.

उशीखालच्या गोळ्यांचं घरी आल्यावर बोलू.

बाबा