विजेच्या मोटारीची निर्धोक पेटी

हिंगोली,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६४

मेहुणे रामकिशनराव यांना तातेरावाचा हिंगोलीहून रामराम.

तीर्थरूप लिहावं तर आपलं वय आड येतं, चिरंजीव लिहावं तर आपल्या मिशा आड येतात, म्हणून नुसतं मेहुणे लिहिलं आहे. कमी वाटल्यास पुढं 'राजश्री' आपल्या हातानं जोडून घ्यावं. आम्ही सर्व खुशाल आहोत. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? म्हशीनं पुन्हा दूध द्यायला सुरुवात केली का? कनेरगावच्या जकातनाक्यावरचे करोडगिरीवाले अजून गाडीतला कडबा उपसून पाहतात का? (मागच्या खेपेला त्यांनी माझा पानाचा डबा हुंगून पाहिला होता. त्याचा राग मी आपल्यावर काढला, तो विसरून जावा.) आता मुद्द्यावर येतो. आपली बहीण, म्हणजे आमची मंडळी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडे आहे. "ते यंत्र निर्धोक झाल्याबिगर मी ह्या घरात पाय ठिवणार न्हाई," असं ती गाडीत बसताना म्हणाली. हे तिनं आपल्यालाही सांगितलं असेल, आणि विहिरीवर पाण्याला येणाऱ्या साऱ्या कनेरगावालाही सांगितलं असेल. तर कळवण्यास आनंद होतो की यंत्र निर्धोक झालेलं आहे. अक्षय तृतीयेच्या आत तिला धाडून द्यावं, एवढ्यासाठीच हे पत्र. पण नुसतं 'झालं' म्हटल्यानं तिचा विश्वास बसायचा नाही, कारण ती आपली बहीण आहे. म्हणून कसं झालं ते मुळापासून लिहितो.

आपल्याकडे हळद कमी, तेव्हा थोडं समजावून सांगतो. शिजवून वाळवलेली हळद वरून काळपट आणि खरबरीत दिसते. ती पिंपात घालून गरगर घोळली की साल झडते, आतला पिवळा रंग उघडा पडतो आणि मोंढ्याच्या बाजारातला आडत्या तोंडातलं पान बाजूला सारून तिच्याकडं बघतो. हे पिंप आजवर दोन माणसं दोन बाजूंनी हातानं फिरवत. मला हे बघवेना. (फिरवणाऱ्या दोघांपैकी एक मी असे.) आमच्या भिंतीला लागून गोपीचंद शेठचं कापसाचं जिन आहे. तिथल्या इंजिनावर त्यांनी डायनामो बसवला आहे आणि जिनात दिवे लावले आहेत. शेठ उदार माणूस. त्यांच्याकडे एक जुनी मोटार धूळ खात पडली होती, ती त्यांनी मला दिली आणि भिंतीवरून तारही टाकू दिली. मोटार म्हटल्यावर आपण दारात गाडी शोधू नये. ही चाकांची नव्हे. बिडाच्या पोटात तारांची गुंडाळी, आणि वीज सोडली की फिरणारा एक दांडा. दांड्यावर पट्टा, पट्ट्यावर पिंप, आणि आम्ही बाजेवर. खोड एकच होती. आतल्या तारांवरचं सूत जुनं होऊन विरलं होतं, त्यामुळं बाहेरच्या बिडाला हात लागला की झटका बसे. आमचा सालगडी ग्यानबा, त्यानं पहिल्याच दिवशी तिच्यावरची धूळ झटकली आणि तिथून जो निघाला तो बैलांच्या पलीकडे जाऊन थांबला. "मालक, हिच्यात कायतरी बसून राहिलंय," म्हणाला. समजावून सांगण्यात माझी दुपार गेली, आणि त्याची समजूत काही बदलली नाही.

तेव्हा मी ठरवलं की हिला घर बांधायचं. विजेचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही, पण ते आमच्या घरात रोज चालतंच. नानीबाई (माझी आत्या, पाटावर बसून साऱ्या घराला हलवणारी) सोवळ्यात असली की आम्ही सगळे तिच्यापासून हातभर लांबून फिरतो. मोटारीपासूनही तसंच फिरावं, आणि ज्याला ते भान राहत नाही त्याच्या आड भिंत उभी करावी, एवढंच ते शास्त्र. फरक इतकाच की नानीबाईचं सोवळं ओलं असलं तरी चालतं, विजेचं कोरडंच लागतं. आता भिंत कशाची? रबर सगळ्यात चांगलं, पण लढाईमुळं सायकलच्या ट्यूबला माणसं हळहळतात, मला कोण देणार? म्हणून जुनं, चांगलं वाळलेलं सागवान घेतलं, त्याला आतून बाहेरून लाख चढवली आणि फळ्या जोडायला लाकडाच्या खुंट्या वापरल्या. सबंध पेटीत लोखंडाचा एक खिळा नाही. (हे वाक्य आपण सावकाश वाचावं. सुतारानंही तोंडात बोट घातलं होतं.) खाली जमिनीतून ओल येऊ नये म्हणून मोटार चार चिनी मातीच्या बैठकींवर ठेवली. त्या बैठकींविषयी पुढं लिहीन.

पहिली पेटी मी चारी बाजूंनी गच्च बंद केली आणि आतून मेंढ्यावाल्या मसाजीची घोंगडी ठोकली, म्हणजे लाकडाच्या आत आणखी लोकरीची भिंत. हात लावा, काही नाही! मी स्वतःवर फार खूश झालो. पण मोटारही बिचारी राबते, तिलाही घाम येतो, हे ध्यानात आलं नाही. आत ती तापली, घोंगडी करपली, आणि संकष्टी चतुर्थीच्या दिवशी तातेरावाच्या घरी मेंढरू भाजून राहिले अशी बातमी मोंढ्यापर्यंत गेली. दोन सभ्य माणसं तर जेवायची वेळ विचारून गेली. दुसऱ्या पेटीला म्हणून भोकं पाडली. भोकातून बोट आत जाऊ नये इतकी ती बारीक ठेवली (इथं माझी अक्कल बघा). पण बोट न जाणाऱ्या भोकात उदबत्ती बराबर बसते, हे नानीबाईला पाहताक्षणी उमगलं. यंत्र घरात आलं म्हणजे ते लक्ष्मीच, असा तिचा हिशेब. रोज आंघोळीनंतर ती एकेका भोकात एकेक उदबत्ती खोचू लागली. वरून पिंपातली हळदीची धूळ त्याच भोकांनी आत जाई. एक दिवस आत ठिणग्या उडून पिवळाधमक धूर निघाला, तर मी बादली शोधत होतो आणि नानीबाई हात जोडून उभी होती.

तिसरी पेटी मात्र बघण्यासारखी झाली. भोकं बुजवली आणि खिडकीला असतात तशा तिरप्या पट्ट्या खाली तोंड करून बसवल्या. हवा खालून येते, धूळ वरून घसरते, आणि उदबत्ती खोचायला गेलं तर ती आपणहून खाली पडते. मोटार आणि फळी यांच्यात चार बोटांची मोकळी जागा. पट्टा बाहेर येतो त्या फटीला कातड्याची झडप. वीज चालू-बंद करायचा खटका पेटीच्या आतच, त्याला सुतळी बांधून ती बाहेर काढलेली, म्हणजे लांबूनच ओढायचं, हात लावायचं कामच नाही. खटक्याकडं जाणारी तार समोरच्या फळीला आतून टाचलेली, कुठं लोंबकळत नाही. गोपीचंद शेठ स्वतः पाहायला आले. त्यांनी काठीच्या टोकानं पेटीला स्पर्श केला आणि "बिलकुल तकलीफ नाही" असा निकाल दिला. (काठी लाकडाची होती हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. मोठ्या माणसाचं मन का मोडा?)

मग आला पाडवा. नवं यंत्र, नवं वर्ष, पूजा तर हवीच. आदल्या दिवशी नानीबाईनं कुठूनशी घोड्याची नाल पैदा केली. "एवढी देखणी पेटी, मोंढ्यातली सारी मानसं बघून जाऊन राह्यली, अन् दृष्ट लागंल म्हून कोनाला काळजी न्हाई! काहून रे, घराला नाल लावतो अन् हिला न्हाई?" मला पटलं. पेटी देखणी होती यात शंकाच नव्हती. मी हातोडा घेतला आणि समोरच्या फळीवर मधोमध, मोठ्या प्रेमानं, नाल ठोकली. ठोकताना जे लागतं तेच वापरलं. आता आपण म्हणाल, लोखंडाचा एक खिळा नाही असं वर लिहिलंत ना? पेटीच्या घडणीत नव्हताच, मेहुणे. हा दृष्टीचा होता. तो फळीतून पार झाला आणि पाठीमागं टाचलेल्या तारेत जाऊन बसला. लोहारानं खिळे एवढे लांब का घडवावेत, हे मला आजही कळत नाही.

पाडव्याच्या सकाळी जमीन शेणानं सारवलेली, ओलीच. आपली बहीण न्हाऊन, नवं लुगडं नेसून, केस ओलेच बांधून ताट घेऊन आली. बंद यंत्राची पूजा म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला वाढणं, असं म्हणून मीच सुतळी ओढली. मोटार सुरू झाली, पिंप फिरू लागलं, हळद खळखळली. तिनं हळदीकुंकवात बोट भिजवलं आणि नालेला लावलं. पुढचं लिहायला नको. ताट वर गेलं, कुंकू आढ्याला लागलं (अजून आहे), आणि ती जमिनीवर बसली. बसली म्हणजे पडली. ज्या सुतळीची मी एवढी थोरवी गायली ती ओढायची मला आठवण झाली नाही. ग्यानबानं ओढली. मी आपला तिच्याजवळ जाऊन तिचं नाव घेत राहिलो, तेही चारचौघांत. नानीबाईनं तेवढ्यातही माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. हात संध्याकाळपर्यंत बधिर होता, बाकी देवाच्या दयेनं काही झालं नाही, हे आपण जाणताच. असो. मुद्दा शास्त्राचा आहे.

शास्त्र असं सांगतं की दोष पेटीचा नव्हता. नाल काढली, भोक लाखेनं बुजवलं, आणि आज या पेटीइतकी निर्धोक वस्तू हिंगोलीत नाही. पुरावे देतो. नानीबाई तिच्यावर पोळपाट ठेवून पापड लाटते. ग्यानबा, जो बैलांच्या अलीकडे येत नव्हता, तो तिच्यावर बसून तंबाखू मळतो. मोंढ्यातली माणसं ओल्या हातानं, अनवाण्या पायानं येऊन तिला चापट्या मारून गेली. मी स्वतः तिला पाठ टेकून बसतो, आणि हे पत्रसुद्धा तिच्यावरच कागद ठेवून लिहीत आहे. ती तापत नाही. ठिणगी नाही, वास नाही. आवाज म्हणाल तर यंत्र आत आहे असं वाटतदेखील नाही. याहून निर्धोक पेटी कुणी करून दाखवली तर मी आपल्यासारख्या मिशा ठेवीन. तरी कुठलीही शंका मनात न आणता बहिणीला धाडून द्यावं. सासूबाईंना दंडवत, लहानांना पापा, म्हशीला एक पेंढी माझ्याकडून.

आपला,
तातेराव

ता. क. — येताना गाडीत वाशिमच्या बाजारातल्या चार चिनी बरण्या घालून द्याव्यात, लोणच्याला लागतात तेवढ्या. वर ज्या बैठकी म्हणालो त्या बहिणीच्या बरण्याच होत्या. मोटारीच्या हादऱ्यानं चारी तडकल्या. कैऱ्या आता येऊ घातल्या आहेत. हे तिला आत्ताच सांगू नये.

ता. क. दुसरा — पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवावं. पेटीचा भाग विशेष ठासून वाचावा. ता. क. वाचू नयेत.

ता. क. तिसरा — आपण मला खोटारडा म्हणू नये म्हणून लिहितो. पत्रातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. पेटीला कुणीही हात लावावा, काही होत नाही. मात्र तीत मोटार नाही. आपली बहीण गाडीत बसून गेली त्याच दिवशी ती काढून शेठच्या भिंतीपलीकडं नेऊन ठेवली. पिंप मी आणि ग्यानबा हातानं फिरवतो. परत बसवायला म्हणून एकदा गेलोही होतो, शास्त्रात कुठंच खोट सापडत नाही. पण सुतळीला हात घातला की आपली बहीण जमिनीवर बसलेली दिसते आणि मी सुतळी सोडून देतो. पेटीवर माझा पुरता भरवसा आहे, मेहुणे. पुन्हा हातोडा घेऊन तिच्यासमोर उभा राहणाऱ्या माणसावर नाही.

ता. क. चौथा — विचार बदलला. वरचं सगळं पत्र चुलीत घालावं, बरण्यांसकट. तिला फक्त एवढंच वाचून दाखवावं: शालू, त्या दिवशी मला वाटलं तू गेलीस. अजून दचकून उठतो. यंत्र गेलं, आता घरी ये. (मेहुणे, एवढं वाचताना मधेच खाकरू नये.)